राखी निळ्याचे दोन घाणे

त्या आठवड्यात त्याला कुठेच बसवत नव्हते. वजनकाट्यासमोर उभा राहिला की वाटे, जरा बाहेर जाऊन यावे; मागच्या अंगणात, जिथे रंगवलेल्या लोकरीच्या लड्या दांड्यांवर टांगून ठिबकत असत, तिथे गेला की वाटे, आत काहीतरी अर्धे टाकून आलो आहे. रंगाची पूड मोजता मोजता तो वजन विसरला आणि पूड पुन्हा डब्यात ओतली. त्याच्या आत कुणीतरी येरझाऱ्या घालत होते, आणि ती पावले फक्त त्यालाच ऐकू येत होती.

कारखाना लहानच. पुढे मालकीणबाईंची काचेची खोली, मध्ये वाफेने कायम धूसर असलेली रंगाची पातेली, आणि सगळ्यांच्या पाठीमागे रंगजुळणीची अरुंद खोली. त्या खोलीतल्या टेबलाशी त्याचे वडील बसत. केस काळे होते तेव्हापासून तिथेच बसत आले होते. रंगून वाळलेली प्रत्येक लडी बाहेर पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जाई. रंग जुळला असे ते म्हणाले की जुळला. नाही म्हणाले की माल पुन्हा पातेल्यात. कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि तो त्यांच्या शेजारी बसून पुडींची वजने करीत असल्यामुळे त्याला छोटे मास्तर. या नावात थोडी चेष्टा होती. ती त्याला कळे, पण उत्तर सुचेपर्यंत चेष्टा करणारा दोन पातेली पुढे गेलेला असे.

मास्तरांच्या टेबलावरून गेलेला रंग कधी परत आला नव्हता. तो त्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी परत आला.

स्वेटर विणणाऱ्या एका गिऱ्हाइकाने राखी निळी लोकर मागवली होती. मागणी मोठी, म्हणून ती दोन घाण्यांत रंगवली गेली; पातेल्यात एका वेळी जेवढा माल उकळतो तो एक घाणा. पहिला घाणा उतरला आणि निळ्या पुडीचा जुना डबा संपला. दुसऱ्यासाठी नवा डबा फोडला, तो दुसऱ्याच कुणी बनवलेला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे चिमूट चिमूट पूड वाढवीत दुसरा घाणा पहिल्याशी जुळवून आणला. गिऱ्हाइकाने एका घाण्यातून अंगे विणली, दुसऱ्यातून बाह्या. आता मालकीणबाईंनी तो स्वेटर आपल्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी उभा धरला होता. अंग ढगाळ सकाळसारखे निळसर होते, आणि बाह्या जुन्या हौदाच्या भिंतीसारख्या हिरवट.

"एकाचं धड नि दुसऱ्याचे हात," पातेल्यांवर काम करणारा वाफ्या म्हणाला. वाफेतच त्याचा जन्म गेला होता, म्हणून त्याचे हे नाव. "हे तर आंधळ्यालाही दिसेल." मग मास्तर दारात उभे आहेत हे लक्षात आले, आणि त्याने जीभ चावली.

"मास्तर, बघा जरा," मालकीणबाई म्हणाल्या.

मास्तर उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "बघायचं काय त्यात? माझ्या टेबलावर दोन्ही घाणे एक होते. त्यांनी कशात तरी धुतलं असेल."

"एकदा नजर तर टाका."

"माझ्या नजरेखालून गेलेला रंग मी पुन्हा बघत नाही, बाई. एवढी वर्षं बघितला नाही, आता काय बघायचा?"

आणि ते पाठ फिरवून आपल्या खोलीत गेले. त्यांच्या चालण्यात राग नव्हता. खात्री होती, आणि ती पाहून मुलाला जास्तच वाईट वाटले.

मालकीणबाईंनी दार लावून घेतले. "तू शेजारी बसतोस त्यांच्या. खरं सांग, मास्तरांचे डोळे गेलेत का?"

त्याच्याकडे उत्तर तयार होते. गेले कित्येक महिने ते त्याच्या छातीत ओल्या लडीसारखे टांगलेले होते. "हो," तो म्हणाला. "मला खात्री आहे."

"कशावरून?"

"ते... लडी अगदी डोळ्यांजवळ धरतात."

"माझे सासरे हा कारखाना बघायचे तेव्हाही तशीच धरायचे. पुढं?"

"परवा एक काळा आणि एक निळा मोजा घालून आले."

"मोज्यांवरून माणसाला टेबलावरून उठवू?"

"आणि हा स्वेटर."

"स्वेटर एवढंच सांगतो की रंग चुकला. का चुकला, ते तू सांगायचं होतंस." त्यांनी स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, जणू त्या दिसू नयेत. "तुला खात्री आहे, त्यांनाही खात्री आहे. आता काय, दोघांच्या खात्र्या काट्यावर ठेवून बघू, कुणाची जड भरते ते? खात्रीनं माझी लोकर रंगत नाही, बाळा. एक माणूस आहे माझ्या नजरेत, जुळणीला यायला तयार आहे. आठवडा संपायच्या आत मला नीट सांग. डोळे गेले असतील, तर मास्तरांना गोदामात बसवीन. घरी पाठवणार नाही, पण टेबलावरून उठवीन. गेले नसतील, तर काय चुकलं ते शोधून दे."

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. वडिलांना टेबलावरून उठवणे म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नसावे. घरी हा माणूस पाहुण्यासारखा वावरे. भांडी कुठे ठेवली आहेत हेही त्याला विचारावे लागे. त्या अरुंद खोलीत मात्र त्याची बोटे दोऱ्यावरून अशी फिरत, की बघणाऱ्याला उगीचच आपले काहीतरी हरवल्यासारखे वाटे. तिथून उठवले तर ते कुठे बसणार?

आणि त्याला खात्री होती. तिला हात लावायला गेले की मात्र तिच्याखाली काहीच लागत नव्हते. त्याला झोप लागेना, जेवण जाईना. इतके ठाम वाटणारे काहीतरी इतके निराधार कसे असू शकते?

घरी ताई शर्टाला बटण लावत बसली होती. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळले होते, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचे मत आधीच तयार असे.

"बाई विचारतात, कशावरून," तो म्हणाला.

"कशावरून म्हणजे? रोज दिसतंय की. खोलीत अंधार वाटतो असं ते म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. तू तो पांढरा दिवा आणून लावलास ना त्यांच्या टेबलावर, ते उगीच? आणि मोजे?"

"मोज्यांच्या जोड्या तू लावतेस, ताई."

सुई मध्येच थांबली. "म्हणजे माझे डोळे गेले असं म्हणायचंय तुला?"

"नाही. एवढंच, की जोडी तू लावली होतीस. त्यांनी न बघता पायात घातली."

"झालं. जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, ते बहिणीवर उलटायला." तिने दोरा दाताने तोडला, पण शर्ट बाजूला ठेवताना तिचा आवाज उतरला होता. "मला भीती वाटते रे. त्यांना काही दिसेनासं झालं तर, अशी. म्हणून मी रोज बघत असते त्यांच्याकडे. आणि बघत राहिलं की काही ना काही सापडतंच."

हे वाक्य त्याच्या अंगाला लोकरीच्या कुसळासारखे चिकटून राहिले. त्यालाही असेच सापडत गेले होते का?

दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना सगळे सांगून टाकले. सांगताना तो त्यांच्याकडे न बघता काट्याकडे बघत होता. मास्तरांनी हातातली लडी खाली ठेवली.

"म्हणजे माझी परीक्षा."

"हो, बाबा."

"घेणारा तू."

"हो."

"घे मग. नापास झालो तर आईच्या फोटोपुढं उभा करू नकोस म्हणजे झालं."

त्याने लहान लहान जुड्या कापल्या आणि त्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक रंगाच्या काही जोड्यांतल्या दोन्ही जुड्या एकाच घाण्यातल्या, काहींतल्या वेगवेगळ्या. आणि त्यांच्यात ती राखी निळ्याच्या दोन घाण्यांची जोडीही. कोणती कशी, हे त्याला पाठ होते. खोलीची खिडकी नेहमीप्रमाणे बंद होती. दिवा लावल्यापासून दोन्ही उजेड एकदम डोळ्यांत टोचतात म्हणून मास्तरच ती बंद ठेवायला लागले होते. तो टेबलासमोर उभा राहून एकेक जोडी पुढे सरकवू लागला. मास्तर ती बोटांत फिरवत, दिव्याकडे तिरपी धरत, क्षणभर मान वर करीत आणि सांगत: "एक." "वेगळे." "एक." राखी निळ्याच्या दोन घाण्यांची जोडी आली. मास्तरांनी ती जरा जास्त वेळ धरली, मान वर केली आणि म्हणाले, "वेगळे."

एकही चूक नाही.

त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले. इतके हलके त्याला कित्येक महिन्यांत वाटले नव्हते. उद्या सकाळी बाईंना सांगायचे, की माझी खात्री खोटी होती, आणि याहून चांगले काही माझ्या बाबतीत कधी घडले नाही.

घरी परतताना रस्त्यावर संध्याकाळ उतरत होती. दुकानांच्या पाट्या एकेक करून पेटत होत्या. मास्तर खुशीत होते.

"तुझी आई म्हणायची, या पोराला जन्मात खोटं बोलता यायचं नाही. तू श्वास धरून ठेवतोस, माहितीये तुला?"

"कधी?"

"जोडी वेगळी असली की. आता मी चुकतो की काय, म्हणून. एकसारखी असली की मोकळा सोडतोस."

तो चालता चालता थांबला. मागून येणारी सायकल घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेली. "म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघून सांगत होता?"

"लोकरीकडेही बघत होतो की. तुझ्याकडेही बघितलं, तर बिघडलं कुठं? उत्तरं बरोबर आली ना?"

"आली."

"मग झालं तर."

"पण ती तुमच्या डोळ्यांतून आली नाहीत, बाबा. माझ्या श्वासातून आली. मला जे आधीच माहीत होतं, तेच तुम्ही मला परत दिलंत."

मास्तर पुढे चालू लागले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी नुसते म्हटले, "उत्तर बरोबर आलं की पुरे, एवढंच आम्हाला शिकवलं गेलं," आणि हे वाक्य तक्रारीचे होते की समर्थनाचे, हे त्याला कळले नाही. ते ओझे पुन्हा जागेवर येऊन बसले. आता त्याच्या जोडीला एक नवी टोचणीही होती: निकाल त्याला हवा तसा लागला तेव्हा, तो लागला कसा, हे त्याने स्वतःहून विचारलेच नव्हते.

पुढच्या दिवशी त्याने वाफ्याला गाठले. प्रत्येक जोडीला उत्तराची घडी घातलेली चिठ्ठी बांधली, जोड्या कागदात गुंडाळून दिल्या आणि त्या पिसून घ्यायला सांगितल्या, कोणती कुठली हे वाफ्यालाही कळू नये अशा. मास्तरांसमोर दोन पसरट तसराळी ठेवली, एक 'एक'साठी, एक 'वेगळे'साठी. आणि तो स्वतः अंगणात गेला.

"आणखी कितीदा सोलणार आहे हा मला?" मास्तरांचा आवाज त्याच्या पाठीवर आला.

"सोलू द्या, मास्तर," वाफ्या म्हणाला. "आतून तरी कुठला रंग निघतो ते बघू."

अंगणात तो लड्यांच्या रांगांत उभा राहिला. एका जागी नव्हेच. या दांडीपासून त्या दांडीपर्यंत आणि परत. लड्यांची टपटप, पातेल्यांची उकळी, आणि आतून काहीच नाही. वाफ्याने हाक मारली, तेव्हा त्याला ती दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटली.

'एक'च्या तसराळ्यात ती दोन घाण्यांची राखी निळी जोडी पडली होती. जिची एक जुडी जुन्या निळ्याने आणि एक नव्या डब्यातल्या निळ्याने रंगवली होती, अशी आणखी एक जोडीही तिथेच होती. त्याने सगळ्या चिठ्ठ्या दोनदा उघडून पाहिल्या. बाकी सगळे बरोबर होते. ह्या दोन चुकल्या होत्या, आणि ह्याच चुकायला नको होत्या.

म्हणजे खरेच.

आता बाईंच्या 'कशावरून'ला उत्तर होते. आपण बरोबर निघालो याचा माणसाला आनंद होतो म्हणतात. त्याला मात्र तो झाला नाही. तो काचेच्या खोलीकडे निघाला. मास्तर टेबलाशी हात ठेवून बसले होते आणि त्याच्याकडे बघत नव्हते.

निम्म्या वाटेत, पातेल्यांच्या मधोमध, त्याची पावले मंदावली. बाई विचारतील: मास्तरांना दिसले नाही, मग दिसते कुणाला? तो म्हणेल, मला. आणि त्या म्हणतील, कशावरून?

कशावरून? जोड्या त्याने लावल्या होत्या. कोणती वेगळी हे त्याला ठाऊक होते, म्हणून ती त्याला वेगळी दिसत होती. वडिलांचे डोळे त्याने ज्या मापाने मोजले, ते माप त्याने कधी तपासलेच नव्हते. आपण तरुण आहोत, एवढ्यावरच तो निर्धास्त राहिला होता.

तो मागे फिरला. "वाफ्या, पुन्हा पिस. आता मी बसतो."

"अन् मग मी बसणार," वाफ्या म्हणाला. "सगळ्यांच्या परीक्षा चालल्यात, मीच तेवढा अडाणी का राहू?"

मास्तरांच्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला. दिवा डोक्यावर होता, पांढरा, सपाट, कुठेही सावली न ठेवणारा. त्याने जोड्या दोन्ही तसराळ्यांत टाकल्या. चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा ती दोन घाण्यांची राखी निळी जोडी पुन्हा 'एक'मध्येच होती, आणि तिच्या शेजारी ती दुसरीही. वाफ्या बसला, त्याच्याही तसराळ्यात तेच.

त्याने ती जोडी दिव्याखाली धरली. आता तर ठाऊक होते. तरीही, मनाला कितीही ताण दिला तरी, दोन्ही जुड्या सख्ख्या बहिणींसारख्या एकीला झाकावे नि दुसरीला काढावे अशा दिसत होत्या. तो जोडी घेऊन जवळजवळ धावतच अंगणात गेला. आभाळाच्या उजेडात एक निळी होती, दुसरी हिरवट. तो आत आला: एक. बाहेर गेला: दोन. वाफ्या दारात उभा राहून मान इकडून तिकडे फिरवत होता.

"हे काय, उंबरा ओलांडला की रंग बदलतो?"

"रंग नाही बदलत. आपण बदलतो... नाही, आपणही नाही." बोलता बोलता शब्द त्याला मागे टाकून पुढे जात होते. "हा दिवा. जुना निळा नि नवा निळा ह्या दिव्याखाली एकसारखेच दिसतात. इथं बसून कुणीही जुळवलं असतं, तर असंच जुळवलं असतं."

आणि मग त्याने खिडकी उघडली. ती दिवा आल्यापासून उघडलीच नव्हती. बाहेर, हाताच्या अंतरावर, पाण्याची नवी टाकी आपल्या चौथऱ्यावर उभी होती, आणि आत येणारा अर्धा उजेड तिने खाल्ला होता. ती बसवून किती दिवस झाले, हे कुणाच्या ध्यानात नव्हते; पण ती बसली त्याच सुमारास मास्तर म्हणाले होते, हल्ली खोलीत अंधार वाटतो. खोलीत अंधार होताच. त्याने आणि ताईने तो मास्तरांच्या डोळ्यांत असल्याचे ठरवून टाकले. त्या समजुतीपोटी त्याने दिवा आणला. दिव्याने रंग चुकवले, आणि चुकलेल्या रंगांनी त्याची समजूत पक्की केली. जे त्याला पुरावा वाटत होते, ते त्याच्याच समजुतीने घडवले होते. ती आपले पोट आपणच भरत होती, आणि त्याला वाटत होते, ती धष्टपुष्ट आहे म्हणून खरी आहे.

त्याने हात वर करून दिवा मालवला.

"म्हणजे मास्तर बरोबर," वाफ्या म्हणाला.

"बरोबर कसला?" मास्तर पहिल्यांदाच बोलले. ते त्या दोन जुड्या उचलून अंगणाच्या दारात आले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. स्वेटर आल्यापासून त्यांनी हा रंग दिवसाच्या उजेडात पहिल्यांदाच पाहिला. "दोन घाणे आहेत हे. उघड उघड दोन. आणि मी बाईंच्या दारात उभा राहून, न बघता, छातीवर हात ठेवून सांगितलं, एक आहेत."

"दिव्यामुळं, बाबा."

"दिव्यामुळं चुकलो. न बघता बोललो, ते कुणामुळं?" त्यांनी जुड्या त्याच्या हातात दिल्या. "आण त्या सगळ्या जोड्या इथं अंगणात. फिकट रंगांच्याही आण."

"आता कशाला? दिव्याचा दोष आहे हे कळलं. बाईंना एवढं सांगितलं की पुरे."

"दिवा दोषी ठरला. माझे डोळे चांगले आहेत, असं कुठं ठरलं?"

त्याला हे नको होते. इतक्या दिवसांनी कुठे पाय टेकायला जागा मिळाली होती. वडील तीच खणायला सांगत होते. इथे थांबावे, हे सुखाचे उत्तर उचलावे आणि काचेच्या खोलीत नेऊन ठेवावे, असे त्याला फार वाटले. पण आदल्या संध्याकाळी रस्त्यात आपणच काय बोललो होतो, ते त्याला आठवत होते. त्याने जोड्या कापल्या, वाफ्याने पिसल्या, आणि तो आत जाऊन पातेल्यांमागे उभा राहिला.

गडद रंगांत मास्तरांची एकही चूक झाली नाही. राखी निळ्याकडे तर त्यांनी बोटानेच दाखवले. फिकट रंगांत मात्र एक जोडी 'एक'मध्ये पडली: एक जुडी स्वच्छ पांढरी होती, दुसरीवर सायीइतकी पिवळट झाक होती. वाफ्याने पुन्हा पिसून दिली; ती पुन्हा तिथेच पडली. वाफ्याला ती झाक लांबूनच दिसत होती.

मास्तरांनी त्या दोन जुड्या मांडीवर घेतल्या. बराच वेळ ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"ह्यातली पिवळट कुठली?"

"डावीकडची," तो म्हणाला.

"मला नाही दिसत." त्यांच्या आवाजात आश्चर्य जास्त होते, दुःख कमी. "थोडे गेलेत तर."

"मी तेच तर म्हणत..." तो बोलून गेला, आणि त्याला आपलीच लाज वाटली.

"नाही. तू म्हणत होतास डोळे गेले. का, तर मोज्यांवरून. ते मी का मानलं असतं? चुकून खरं निघालं असतं तरी नसतं मानलं. हे मानतो. हे माझ्या मांडीवर आहे."

मालकीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. काचेच्या खोलीतून त्यांना ही सगळी धावपळ दिसत होती. "मग? गेले की आहेत?"

त्यांना एका शब्दाचे उत्तर हवे होते आणि त्याच्याकडे ते नव्हते. त्याने सुरुवातीपासून सांगितले: टाकी, दिवा, नवा डबा, पहिली परीक्षा आणि ती का धरायची नाही, मग दुसरी, मग ही. तो अडखळला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. बाईंनी एकदा जांभई दाबली, पण मध्ये बोलल्या नाहीत.

"म्हणजे गडद रंगांना मास्तर, फिकटांना दुसरं कुणीतरी, आणि उजेड आभाळाचा," त्यांनी शेवटी म्हटले. "टेबल माझ्या खोलीत खिडकीशी आणा. मी तुमच्या दिव्याखाली बसते. मला माणसांचे चेहरेच बघायचे असतात. ते कसल्याही उजेडात सारखेच फसवतात. आणि फिकटांना कोण?"

"हा," मास्तर म्हणाले.

त्याच्या छातीत काहीतरी उमलले. आपण हे करू शकतो, हे त्याला आतून, अगदी आतून ठाऊक होते.

"पण आधी बसव ह्याला," मास्तर वाफ्याकडे वळून म्हणाले. "पिवळट जुडी डावीकडं आहे, हे ह्यानं मघाशी मला सांगितलं. पण जोडी कापलीही ह्यानंच होती."

मास्तर उठले आणि अंगणाच्या टोकाला जाऊन, लड्यांच्या पलीकडे, पाठमोरे उभे राहिले. वाफ्याने फिकट लोकरीचे तुकडे स्वतः कापले, स्वतः गुंडाळले, पिसले, आणि हाताला लागली ती पहिली जोडी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली. पहिल्याच नजरेत त्याला कळले, की या दोन्ही एकच आहेत. उत्तर लगेच आले, ऊबदार, ओळखीचे, जराही शंका न ठेवणारे. त्याचा हात तसराळ्याकडे निघालाही.

मग तो थांबला. त्याने जोडी परत घेतली, उजेडाकडे तिची दुसरी बाजू केली, आणि पुन्हा पाहू लागला.